चीफ खानोलकरांचा हिवाळा

सिंगापुरात हिवाळा नसतो असं म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरात आमच्या लिफ्टमध्ये चढून बघावं. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात, आणि आत कोपऱ्यात माकडटोपी, लोकरी मोजे आणि जुना बॉयलर सूट घातलेले एक गृहस्थ गंभीर चेहऱ्याने उभे असतात. समोरच्या चिनी आजी हळूच भिंतीला चिकटतात. म्हातारा आजारी आहे, असं त्यांना वाटतं. कसला आजारी! ठणठणीत आहे. कॅनडातलं पाणी गोठू नये म्हणून त्याची इथे सिंगापुरातल्या आमच्या क्वीन्सटाउनमध्ये तयारी चाललेली असते.

हे आमचे चीफ. आडनाव खानोलकर, पण उभा जन्म बोटीवर चीफ इंजिनिअर म्हणून गेला, त्यामुळे 'काका' म्हणून हाक मारली तर ओ देत नाहीत. आमच्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. काकू जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक लेक मुग्धा कॅनडात, कॅलगरीला असते.

या मुग्धाने आणि तिच्या नवऱ्याने एक ट्रेलर घेतलाय. म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत ओटा, मोरी, संडास, गीझर, सगळं. उन्हाळाभर ती मंडळी त्यातून डोंगर-जंगलं हिंडतात. पण थंडी पडायच्या आत त्याच्या नळ्यांतलं पाणी काढावं लागतं, कारण पाणी गोठलं की फुगतं आणि नळ्या फोडतं. तेव्हा सगळं पाणी सोडून द्यायचं, गीझर रिकामा करायचा आणि नळ्यांत न गोठणारं गुलाबी औषध पंपाने भरायचं. काम एका दुपारचं. आमचे चीफ ते महिनाभर पुरवतात, आणि सिंगापुरात बसून व्हिडिओ कॉलवर लेकीकडून करून घेतात.

"ट्रेलर काय म्हणतेस गं त्याला?" ते माझ्यावर डाफरतात. "टाकी आहे, पंप आहे, बॉयलर आहे. चाकं लागली म्हणून काय झालं? बोटच ती!"

आणि बोट म्हटली की बोटीची शिस्त आली. इंजिन रूममध्ये हुकूम ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो, म्हणजे भलताच व्हॉल्व्ह उघडला जात नाही. चीफनी ही पद्धत घरी आणली आणि घरात कोणी उरलं नाही म्हणून सोसायटीभर पसरवली. मी विचारलं, "चीफ, रविवारी जेवायला येता का?" की ते म्हणणार, "रविवारी जेवायला येतो. तू पण म्हण." खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांतल्या, कॉफीवाल्यालाही ते 'बिनसाखरेची काळी' परत म्हणायला लावायचे. तो बेटा वस्ताद निघाला. आता तो आधी पैसे मागतो आणि चीफकडून आकडा परत म्हणवून घेतो.

दुसरं ब्रह्मवाक्य गीझरचं. "आधी दाब उतरव, मग झाकण उघड." नाहीतर गरम पाणी तोंडावर उडतं. हे गीझरपुरतं ठेवतील तर ते चीफ कसले! कुकर, सोड्याची बाटली, नवरा-बायकोची भांडणं, सगळ्याला एकच मंत्र. एकदा मी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून तणतणत आले. साहेबाला उद्या चांगली फैलावर घेते, म्हणाले. चीफनी मला खुर्चीत बसवलं, ताक दिलं आणि म्हणाले, "आधी दाब उतरव." नोकरी वाचली माझी. पण हे त्यांना सांगू नका, आधीच हवेत असतात.

यंदा मात्र गडबड झाली. ऑगस्टच्या अखेरीस चीफ आमच्याकडे आले आणि सोफ्यावर बसले. माझे पोहे पुढे ठेवले तरी मीठ कमी आहे म्हणाले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"मुग्धा म्हणते, या वर्षी दुकानवाल्याकडूनच करून घेऊ का," ते म्हणाले. "तिकडे माणसं असतात म्हणे त्या कामाची. बाबांना उगाच त्रास."

"मग बरंच झालं की," समीर, म्हणजे माझा नवरा, बोलून गेला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचे पोहे मुकाट खाल्ले.

"ती लहान असताना मी बोटीवर," चीफ बशीकडे बघत म्हणाले. "सहा-सहा महिन्यांनी घरी यायचो. एकदा तिने मला दारातच 'बाबा घरी नाहीत' म्हणून सांगितलं. आता मी घरी आहे, तर ती नाही. फोन येतो गं. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. या कामाला तेवढी दीड-दोन तास बोलते. गोठू दे त्या नळ्या हव्या तर, पण..." मी उठून उगाच चहा टाकला.

मी चोरून मुग्धाला फोनबिन करायला हवा होता का? केला नाही. बाप-लेकीच्या मध्ये आपण कोण? पण आठवड्याने चीफ जिना उतरून धावतच आले. दुकानवाल्याला वेळ नाहीये म्हणे, मुग्धा म्हणाली बाबा तुम्हीच सांगा!

झालं. त्या आनंदात चीफनी यंदा रंगीत तालीम करायचं ठरवलं. ते गुलाबी औषध क्वीन्सटाउनमध्ये कोण विकणार? मग त्यांनी इथे दुधात घालून पितात ते गुलाबाचं सरबत आणलं, फ्लॅटचा मुख्य नळ बंद केला आणि हातपंपाने ते सरबत स्वतःच्या मोरीच्या नळ्यांत भरलं. नळातून गुलाबी धार आली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या आम्हाला खाली ऐकू आल्या. तिसऱ्या दिवशी पाइपाच्या कडेने मुंग्या आल्या. वरून खाली, शिस्तीत, एका रांगेत, थेट माझ्या साखरेच्या डब्यात.

समीर भांडायला वर गेला. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून मी गेले, तर हा पठ्ठ्या मोरीत पाट टाकून बसलेला, हातात नळी, आणि चीफ ओरडतायत, "गरम नळ गुलाबी!" हा तिकडून म्हणतोय, "गरम नळ गुलाबी, चीफ!"

शेवटी तो शनिवार उजाडला. म्हणजे मुग्धाकडे शुक्रवारची संध्याकाळ, आपल्याकडे शनिवारची सकाळ. मला टॅबलेट धरायला बोलावलं होतं. पडद्यावर मुग्धा जाड जाकिटात, इकडे बाप माकडटोपीत.

"गीझरचा दाब उतरव."

"दाब उतरवला, बाबा."

"आता झाकण."

"झाकण उघडलं."

टाकी झाली, गीझर झाला, ओटा झाला, मोरी झाली. मधे मधे चीफ थांबवून जावयाची बढती, शेजारणीचं कुत्रं, कांद्याचे भाव, सगळं विचारून घेत होते. दोन तास कसे गेले कळलं नाही. "शाब्बास! बोट सुरक्षित!" चीफ म्हणाले.

आता महिनाभर ऐकून ऐकून मलाही ते सगळं पाठ झालंय. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला चिखलाचे पाय धुवायला एक शॉवर असतो. तो राहिला होता. "चीफ, बाहेरचा..." मी म्हणाले मात्र, टेबलाखाली लोकरी मोज्यातला पाय माझ्या पायावर दाणकन पडला. चीफ गोड हसत मुग्धाला अच्छा करत होते.

"हे काय चीफ? तो शॉवर फुटेल ना!"

"हळू बोल," ते म्हणाले. कान लाल झाले होते. "अजून आठवडाभर तिकडे गोठत नाही, मी हवामान बघून ठेवलंय. उद्या तिच्या लक्षात येईल. मग परत फोन करेल." आणि टोपी काढत हळूच म्हणाले, "दरवर्षी करते."

मी यावर पुष्कळ बोलू शकले असते. पण मघाशी कॉल चालू असताना चीफ चष्मा पुसत होते तेव्हा मुग्धा फोन घेऊन ट्रेलरला वळसा घालून गेली होती आणि त्यांना जे दिसलं नाही ते मला दिसलं होतं. बाहेरच्या शॉवरचं झाकण उघडं होतं, आणि खालच्या गवतावर चांगलं ताटाएवढं गुलाबी थारोळं. पोरीने तो न सांगताच उरकला होता. मी तोंडाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा द्यायला वर गेले, तर चीफ दाढीबिढी करून टॅबलेटसमोर बसलेले. तेवढ्यात वाजलाच.

"बाबा, बाहेरचा शॉवर राहिला की हो आपला!"

"अरेच्चा! विसरलोच बघ. वय झालं माझं," चीफ म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून नीट बसले. "घाईत आहेस का?"

"नाही हो बाबा," मुग्धा म्हणाली. "सांगा तुम्ही. अगदी पहिल्यापासून सांगा."