निळा चिमटा

"हे घर चिमटे खातं की काय!" ओला टॉवेल खांद्यावर टाकून बायको गॅलरीत पुटपुटत होती. "काल तुमचा पायजमा वाऱ्यानं उडून खालच्यांच्या खिडकीत गेला. त्यांनी काठीला अडकवून परत केला!"

"मला काय सांगतेस? आपल्या लेकीला, टिकलीला विचार," असं खेकसून साहेब कामावर निघाले. ते स्पेअर पार्टच्या गोदामाचे प्रमुख होते. हाताखालची माणसं त्यांना 'फटाका' म्हणत, अर्थात पाठीमागे.

चिमट्यांचा उगम बालवाडीत होता. टिकलीच्या बाईंनी मुलांना एक झकास युक्ती शिकवली होती. मनातलं बोलता येत नसेल, तर चिमटा लावायचा. राग आला तर लाल, आनंदाला पिवळा, भीतीला हिरवा, वाईट वाटलं तर निळा. पोरगी इतकी तरबेज झाली, की दुसऱ्यांच्या मनातलं ओळखून त्यांनाही तीच चिमटे लावू लागली.

गोदामात त्या दिवशी आक्रीत घडलं. साहेब ओरडले, तर ड्रायव्हरनं उलट उत्तर दिलं नाही. हमालांनी खोकी अलगद ठेवली. चहा न मागता आला, तोही गरम! कारकून तर हळूच म्हणाला, "साहेब, दोन घास खाऊन घ्या. जिवाला जपा."

साहेबांना शंका आली. बदली झाली? की परवाच्या तपासणीच्या रिपोर्टात काही निघालं? दुपारी ड्रायव्हरनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मात्र फटाका फुटला.

"मी काय मेलोय? खरं सांगा!"

कारकुनानं चाचरत साहेबांच्या मागे बोट दाखवलं. शर्टाच्या कॉलरला निळा चिमटा. "माझा पोरगा तुमच्या टिकलीच्याच वर्गात आहे, साहेब. रंग आम्हाला पाठ आहेत."

संध्याकाळी साहेब दारातूनच गरजले, "टिकले! मी चिडलो होतो. लाल का नाही लावलास?"

"बाई म्हणतात, लालच्या खाली कधीकधी निळा लपलेला असतो. नीट बघायचं," टिकली शांतपणे म्हणाली. "तुम्ही जेवताना अप्पा आजोबांच्या खुर्चीकडे बघता. मग भाजीला नावं ठेवता."

साहेबांची नजर कपाटाकडे गेली. मागल्या महिन्यात बुद्धिबळात अप्पांचा वजीर चुकून पुढे गेला. चाल मागे घेऊ द्यायला साहेबांनी ठाम नकार दिला. अप्पा पिशवी भरून लेकीकडे, साहेबांच्या बहिणीकडे, निघून गेले. पट अजून कपाटावर तसाच होता. बायको त्याच्या भोवतीनं धूळ पुसायची.

दीड वितीच्या पोरीला दिसलं, ते एवढं गोदाम सांभाळणाऱ्या आपल्याला दिसू नये? साहेबांनी फोन लावला.

"अप्पा, औषधं घेता ना?"

"घेतो. तुझ्या गाडीचा ब्रेक?"

"नीट केला. तिकडे हवा कशी आहे?"

"बरी आहे. काम काय होतं?"

टिकलीनं त्यांच्या बाहीला हळूच हिरवा चिमटा लावला. साहेबांनी चिमट्याकडे पाहिलं.

"काम काही नाही, अप्पा. तुमच्यावाचून करमत नाही. वजीर मागे घ्या, पण या."

पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"टिकलीला सांग," अप्पा म्हणाले, "निघताना तिनं माझ्या सदऱ्याला लावलेला निळा चिमटा आणतोय. अजून काढलेला नाही."