खाटीकमामा आणि गोवराची सुई

दवाखान्याच्या बाकावर सुनेच्या मांडीत खाटीकमामांची नात निजली होती. नर्सबाईंनी सुई उजेडात धरून पाहिली मात्र, मागे उभे असलेले मामा, सहा फूट उंच, मिशा पिळलेले, धाडकन आडवे झाले. लस टोचल्यावर नात जरा भोकाड पसरून गप्प बसली. रांगेची मात्र बोबडी वळली.

"लशीनं माणूस पडला!" कुणीतरी ओरडलं.

दाराशी मामा नुसते बेशुद्ध होते, गल्लीत अत्यवस्थ झाले आणि बातमी चौकात पोहोचेपर्यंत वारलेही. शेजारच्या वाण्यानं दुखवटा म्हणून त्यांच्या दुकानाचं शटरसुद्धा ओढलं! पाण्याच्या हबक्यानं मामा उठून बसले, तर बाया पोरं कडेवर घेऊन पळत सुटलेल्या.

सून रडकुंडीला आली. "मामंजी, आता कोण येणार हो? गेल्या साली थोरलीला गोवर झाला, महिनाभर माझं इस्त्रीचं काम बंद. औषधापायी शिलाई मशीन विकलं. साथ तर बंगल्यांकडेही होती. पण तिथली पोरं टोचलेली, खुशाल खेळत होती. आजाराला बरोबर आपलंच दार सापडतं!"

थोरलीचा झालेला सापळा मामांनी पाहिला होता. ते तडक बाहेर आले.

"अरे, मला कुणी टोचलंच नाही! मी सुईला भितो!"

"रोज सुरा चालवणारा माणूस सुईला भितो? कुणाला सांगता, मामा? नर्सबाईंनी पढवलंय तुम्हाला!" गल्लीतली एक बाई म्हणाली.

जन्मभर कमावलेला दरारा नेमका आज नडला.

"बाई, सुई आणा बाहेर."

"मामा, नको हो."

"आणा म्हणतो ना! लांबूनच दाखवा."

नर्सबाईंनी दारातूनच सुई वर केली. गल्लीच्या मधोमध उभे असलेले मामा पुन्हा धाडकन!

गल्लीत असा हशा फुटला की तान्ही पोरं दचकून रडू लागली. पदरानं डोळे पुसत आया रांगेत परतल्या.

मामांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना आत सतरंजीवर निजवलेलं होतं. शरमेनं डोळे पुन्हा मिटावेत असं त्यांना वाटलं. पण पोर कडेवर घेतलेला एक दांडगा हमाल, सुईकडे पाठ करून, घामानं निथळत, त्यांच्या कानाशी वाकला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "जरा पलीकडे सरकता का? आता माझ्या पोराचा नंबर आहे."