हॅनोव्हरचे यीस्ट आणि मनोरमाबाईंची गोधडी

श्रीगजानन प्रसन्न. सन दोन हजार सोळा, माघ मासी, हॅनोव्हर शहरी बियरची मोहीम जाहली, तिची हकीकत. लिहिणाराची मती अल्प, पुरावा बहुतेक पिऊन संपलेला, सबब चुकभूल पोटी घालावी.

सत्यजितराव, मोटारींच्या गिअरचे इंजिनीअर, यांस घरी बियर करण्याचा नाद बहुत. मागील स्वारीत त्यांनी जवाच्या उकळत्या काढ्यातच यीस्ट टाकिले आणि सारी फौज जागीच भाजून मेली. तेव्हा कुटुंब देवश्रीबाईसाहेब यांनी हुकूम फर्माविला की, "आता शेवटचं. फसलं तर केलरमधला तुझा कोपरा माझ्या सायकलीला." केलर म्हणजे इमारतीचे तळघर. आणि निवाडा वरच्या मजल्याचे हेर, म्हणजे श्रीयुत, क्योलर यांजवर सोपविला. हे बव्हेरियाचे, उत्तरेकडील बियर नावे ठेवून पिणारे.

मग राव दुकानी गेले. कोरड्या यीस्टची दोन पाकिटे समोर आली. अमेरिकी यीस्ट चवीस स्वच्छ, परंतु तळाशी बसण्यास आळशी. इंग्लिश यीस्ट काम उरकून तळाशी गच्च बसणारे, परंतु उष्णता वाढल्यास फळांचा वास सोडणारे. रावांनी बहुत घुटमळून विचार केला की, आपले तळघर बर्फासारखे, तेथे उष्णता कोठून वाढणार? आणि इंग्लिश सरदारास चाकरीस घेतले.

मग काढा निववून, यीस्ट कोमट पाण्यात भिजवून बादलीत सोडिले आणि झाकणास बुडबुड्यांची नळी लाविली. परंतु दुसरे दिवशीही नळीत बुडबुडा नाही. फौज थंडीने निजलेली. राव समजले मेली, आणि तोंड पाडून कचेरीस गेले.

त्या समयी रावांच्या सासूबाई मनोरमाबाई पुण्याहून लेकीकडे मुक्कामास होत्या. हॅनोव्हरात इडलीचे पीठ फुगेना म्हणून ते गोधडीत गुंडाळून हाइत्सुंगपाशी, म्हणजे खोली तापविणाऱ्या यंत्रापाशी, ठेवावे, हा त्यांचा शिरस्ता. जावयाचा चेहरा त्यांस पाहवेना. मग त्यांनी सामानाच्या ट्रॉलीवर बादली चढविली, लिफ्टने तळघरातून घरी आणिली, हाइत्सुंग पाचावर, म्हणजे पुरता, केला आणि बादलीस गोधडी पांघरली.

सायंकाळी राव येऊन पाहतात तो झाकण उडालेले, फेस गोधडीवरून गालिच्यावर उतरलेला, आणि घरभर पिकल्या केळ्यांचा घमघमाट.

"आई, अहो, हे काय केलंत!"

"अहो, फुगलं की! तुम्हीच म्हणत होतात ना, हलत नाही म्हणून?"

देवश्रीबाईसाहेब सायकलीस कुलूप कोणते घ्यावे, याची मोठ्याने चौकशी करू लागल्या.

यथाकाळी बाटल्या भरल्या आणि निवाड्याचा दिवस उगवला. हेर क्योलर यांनी पेल्यात नाक घातले.

"आल्झो... बनाने."

केळे! रावांची मान खाली गेली, आणि मनोरमाबाईंनी पदराचे टोक बोटास गुंडाळिले. मग क्योलर यांनी घोट घेतला, मग दुसरा, मग पेला रिता करून पुढे धरिला. जाहीर केले की, आपल्या गावी गव्हाच्या बियरला ऐसाच वास. इकडे येऊन इतकी वर्षे जाहली, आज घर आठवले. आणि पुसिले की, यीस्ट कोणते?

रावांनी सासूबाईंकडे पाहिले. "यीस्ट इंग्लिश," ते म्हणाले, "गोधडी पुण्याची."

येणेप्रमाणे केलरचा कोपरा रावांकडे कायम जाहला आणि सायकल जिन्याखाली गेली. विजयी वीरांनी फेसाळ गोधडी बाथटबात स्वहस्ते धुतली, मनोरमाबाई दारात उभ्या राहून "अजून पिळा" म्हणत असता. मोहीम फत्ते. नोंद रुजू.