नाल्याकडच्या कोपऱ्याची साडी

"वरच्या फळीवरचं गाठोडं कुठं गेलं?"

गुरुवारी सकाळी उषाबाईंनी हे विचारलं तेव्हा श्रीकांतरावांची अर्धी दाढी करून झाली होती. बुऱ्हाणपुरातल्या त्या गल्लीत घरं एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे प्रश्न शेजारच्या दोन घरांनाही ऐकू गेला.

"कोणतं गाठोडं?"

"जुन्या जांभळ्या साडीत बांधलेलं!"

"ते होय? ते तर मी कडूजवळ देऊन टाकलं. सोमवारीच," श्रीकांतराव आरशातच बघत म्हणाले. "दादाले पाठवलं. तूच म्हणते ना, घरातलं एक काम करत नाही. केलं मग."

श्रीकांतरावांचे थोरले भाऊ पंडितदादा तुकईथडच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी शेती करतात. डांबरी रस्ता संपतो, तिथून त्यांचा बांध सुरू होतो आणि बांध संपतो तिथून जंगल. जंगलात रानडुकरं आहेत आणि त्यांना दादांचा मका फार आवडतो. म्हणून तिकडचे शेतकरी शेताभोवती बांबू रोवून जुन्या साड्या बांधतात. रंगीत काहीतरी फडफडताना दिसलं की डुकरं बिचकतात. दरवर्षी मका कणसाला आला की गावाकडचा कडू आपली पिकअप घेऊन मंडीत येतो आणि परत जाताना नातेवाइकांकडच्या जुन्या साड्या गोळा करून नेतो. यात काही नवीन नव्हतं.

नवीन होती ती गाठोड्यातली साडी. रविवारी मोनालीचा साखरपुडा होता. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, फोपनारच्या शारदाबाईंनी, त्यासाठी अंजिरी रंगाची, हातभर जरीच्या काठाची रेशमी साडी पाठवली होती आणि फोनवर तीनदा बजावलं होतं, "हीच नेसवजा बरं, विहीणबाई." फॉल-पिको होऊन ती शनिवारी घरी आली आणि जर काळी पडू नये म्हणून उषाबाईंनी ती एका जुन्या मऊ साडीत गुंडाळून ठेवली. भारी साडी जुन्या साडीत गुंडाळतात हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असतं. घरातल्या पुरुषाला ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही हेही त्याला ठाऊक नसतं.

"पप्पा, सीरियसली?" मोनाली आतून धावत आली. "माझी एंगेजमेंटची साडी तुम्ही सुअर भगवायले पाठवली?"

"मले वाटलं जुनीच असंल. वरून तर जुनीच दिसत होती."

"वरून तर तुम्हीपण शहाणे दिसता!" उषाबाई कडाडल्या. "पंचवीस वर्षांत कधी कपाटाले हात लावला नाही, अन् लावला तो आता लावला! रविवारी त्या बाईनं विचारलं, साडी कुठं हाय, तर काय सांगू? डुकरांनी नेसली?"

"मम्मी, मी दुसरी कोणतीपण घालून घेते ना. उनको क्या पता चलेगा?"

"तू चूप बस. सासू हाय ती. तिले सगळं पता चलते."

दादांना फोन लावला. फोनवरची बाई गोड आवाजात हिंदीतून सांगत राहिली की, हा नंबर पोहोचीच्या बाहेर आहे. त्या गावात फक्त देवळामागच्या टेकडीवर रेंज येते आणि दादा टेकडीवर चढतात ते वर्षातून एकदा, नारळ फोडायला. तेव्हा जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. श्रीकांतरावांनी ऑफिसात कळवलं आणि उरलेली अर्धी दाढी उरकली.

उषाबाई निघाल्या त्याही ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून. इतक्या संतापातही, थोरल्या जावेकडे, म्हणजे गोदाबाई जिजींकडे, जाताना साधी साडी नेसावी असं त्यांच्या मनात आलं नाही.

खरं तर भिशीच्या बायकांपुढे त्या नेहमी सांगत, "आमचं शेत एकदम जंगलाले लागून हाय. काय हवा, काय झाडी!" पण ती हवा खायला त्या गेल्या सहा वर्षांत गेल्या नव्हत्या. मागच्या वेळी गेल्या तेव्हा त्यांनी "इथून वाघ दिसतो का?" असं विचारलं होतं आणि दादांनी त्यांना डुकरांनी रात्रीतून नांगरून टाकलेला मका दाखवला होता. तेव्हापासून त्यांना जंगलाची हवा दुरूनच आवडत असे.

बसमध्ये खकनारपर्यंत त्यांनी श्रीकांतरावांच्या घराण्याचा समाचार घेतला आणि खकनारपासून पुढे रस्त्याचा. उतरल्यावर दोन किलोमीटर चालायचं होतं. ते श्रीकांतराव तीन पावलं पुढे राहून चालले.

वळण घेतलं आणि शेत दिसलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे काही मंगलकार्य आहे. मक्याच्या चारी बाजूंनी साड्याच साड्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, वाऱ्यावर फुगत होत्या. उषाबाई कुंपणाच्या कडेने अंजिरी रंग शोधत भराभर चालू लागल्या. दहाव्या बांबूपाशी त्यांची चाल मंदावली आणि बाराव्यापाशी त्या थांबल्याच.

"अहो, ही दादांच्या नातवाच्या जावळाची."

"कोणती?"

"ही पोपटी! मयूरच्या जावळात जिजीले आहेर केला होता मी. अन् ही गुलाबी, आपल्या वास्तुशांतीची! अन् ती बघा, तिकडची, दिवाळीची!" बांबूमागून बांबू मोजत त्यांचा आवाज चढत गेला. "मी मानानं आहेर करायचा, अन् यांनी तो डुकरांपुढं टांगायचा? घडीसुद्धा मोडली नसंल बाईनं. गाढवाले गुळाची चव काय!"

आहेराच्या साड्या उषाबाई कशा निवडत, हे श्रीकांतरावांना माहीत होतं. दुकानात त्या आधी विचारत, "देण्याघेण्याच्या साड्या कुठं हायत?" पण हे बोलून दाखवायची ही वेळ नव्हती, म्हणून ते नुसतंच "हं" म्हणाले.

सगळं कुंपण पालथं घातलं. गाठोड्याची ती जुनी जांभळी साडी सापडली, नवीकोरी गाठ मारलेली. अंजिरी काही दिसेना. नाल्याकडच्या कोपऱ्यात मात्र दोन बांबू रिकामेच उभे होते.

"गेली!" उषाबाई मटकन बांधावर बसल्या. "डुकरांनी ओढून नेली. पोरीचं कसं होईल वं माय!"

तेवढ्यात पलीकडच्या कपाशीतून आवाज आला, "कोण व्हय? उषा का? अशी अचानक कशी आली वं?"

कपाशीच्या दोन ओळींमधून गोदाबाई येत होत्या. डोक्याला फडकं, पायात रबरी चपला, आणि अंगावर अंजिरी रेशमी साडी. निऱ्या गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या. हातभर जरीच्या पदराची त्यांनी कमरेला ओटी बांधली होती आणि त्या ओटीत पाच-सहा किलो कापूस ठासून भरला होता.

उषाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. असं त्यांच्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालं होतं. श्रीकांतरावांनी ते डोळे भरून पाहून घेतलं.

"जिजी!" शेवटी त्या ओरडल्या. "ही साडी नेसून तुम्ही कापूस वेचता?"

"मंग? मंगळवारपासून नेसून राहिली ना मी," गोदाबाई कौतुकाने म्हणाल्या. "सोडलीच नाही आंगावरची. लय गरम होते वं हिच्यात. पर म्हटलं, उषानं एवढी भारी पाठवली, तर चांगलीच मुरवून बांधू."

"मुरवून?"

"कोरी साडी बांधून काय फायदा? कोऱ्या साडीले डुक्कर पुसत नाही. माणसाचा वास लागते तिले. घामाचा, चुलीच्या धुराचा. आठ-आठ दिवस नेसावी तव्हा कुठं वास बसते. तू दिलेल्या त्या समद्या मी अशाच आठ-आठ दिवस नेसल्या," त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. "आंगाले काटे टोचल्यासारख्या टोचे, पर नेसल्या. तुझा मान म्हणून."

घडी मोडली नाही म्हणून संतापावं, तर बाईने आठ दिवस टोचून घेतलेलं. उषाबाईंनी साखरपुड्याची हकिकत सांगितली, तीही श्रीकांतरावांचं नाव प्रत्येक वाक्यात घेऊन.

"अगं बाई बाई!" गोदाबाईंनी तिथल्या तिथे ओटी सोडून कापूस खाली टाकला. "मोनूची व्हय ही? श्रीकांतभाऊ, तुमाले काही समजते का नाही?"

आवाज ऐकून पंडितदादा नाल्याकडून आले. उषाबाईंनी थोरल्या दिरांना पाहून पदर डोक्यावर ओढला. त्यामुळे संताप कमी झाला नाही, नुसता झाकला गेला.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग रिकाम्या बांबूंकडे बघत म्हणाले, "साडी घेऊन जा, पोरीची हाय ती. पर ह्या कोपऱ्याले काय बांधू? डुकरं नाल्यातूनच येते. तुम्ही येता अन् म्हणता, काय छान जंगल हाय. म्या इथं चार महिने पीक राखलं. आज हे उघडं राहिलं तर उद्या मका नाही."

"घरून एखादी आणा ना, दादा," श्रीकांतराव म्हणाले.

"घरी हायेत त्या धुतलेल्या," गोदाबाई म्हणाल्या. "धुतली का वास गेला."

गोदाबाईंची नजर उषाबाईंच्या मोरपंखी साडीवर गेली. दादांनी नजर वळवली, पण वळवण्याआधी त्यांनीही बघितलं होतं. श्रीकांतराव आभाळाकडे बघू लागले.

"सकाळपासून हाय ना वं आंगावर?" गोदाबाईंनी जवळ येऊन पदर हुंगला. "अन् तापलेली बी दिसते तू. ही बसली असंल चांगली."

"ही? ही माझी ठेवणीतली हाय!"

"अन् मका बी आमचा ठेवणीतलाच हाय वं, उषा."

पोरीची साडी त्या बाईच्या अंगावर होती आणि चारची बस गाठायची होती. उषाबाई मुकाट्याने जिजींच्या मागोमाग घरी गेल्या. तिथे अंजिरी साडी सोडवून घेतली, मोरपंखी सोडून दिली आणि जिजींनी पेटीतून काढून दिलेली नेसून बाहेर आल्या. ती निळी होती, कोरी करकरीत.

"ही यंदाच्या राखीले तूच दिलती," गोदाबाई म्हणाल्या. "एवढी एकच राहिली व्हती नेसायची."

परतीच्या बसमध्ये उषाबाईंनी श्रीकांतरावांना एक शब्दही ऐकवला नाही. त्या बुऱ्हाणपूरपर्यंत खाजवत होत्या.

पुढचे दोन दिवस अंजिरी साडी गच्चीवर वाऱ्याला टांगली. रेशीम धुता येईना आणि वास जाईना. उषाबाईंनी अगरबत्त्या लावल्या, मोनालीने सेंट मारला. त्याने इतकंच झालं की, आता त्या साडीला चुलीपुढे बसून सेंट मारल्यासारखा वास येऊ लागला.

रविवारी पाहुणे आले. मोनाली पाटावर बसली, नवऱ्या मुलाने, निरंजनने, अंगठी घातली, सगळं नीट पार पडलं. मग शारदाबाई सुनेची ओटी भरायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. त्यांनी नाक जवळ नेलं. पदराचा काठ उचलून पुन्हा हुंगला.

शारदाबाई वळल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्याकडंबी डुकरं लय झाली का वं?"

"अं?"

"आमच्या केळीत बी घुसते ना! आम्हीबी अशाच मुरवतो. पर एवढी भारी साडी काहून मुरवली?"

उषाबाई काही बोलायच्या आत पंगतीच्या टोकावरून गोदाबाईंचा रानात हाक मारायचा आवाज आला, "नाही वं विहीणबाई, ती चुकून! कोपऱ्याले तर आमच्या उषाची बांधली. अन् काय सांगू, गुरुवारपासून एक डुक्कर फिरकलं नाही! नाल्यापर्यंत येते, वास घेते, अन् माघारी पळते!"

मांडव हसला. त्यात श्रीकांतरावही हसले, हे उषाबाईंनी नोंदवून ठेवलं.

निघताना मानपान झाला. विहिणीसाठी उषाबाईंनी यावेळी देण्याघेण्याची न घेता खरोखरीची चांगली साडी घेतली होती. शारदाबाईंनी ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत उषाबाईंच्या मांडीवर ठेवली.

"रागावू नका बरं. पर ही कोरी हाय. मले तुमची नेसलेली द्या एखादी. केळीचे घड लागले हायत, अन् आमच्या घरात कोणाच्या आंगाले तुमच्यासारखा वास नाही."

वरमाय मागते आणि मुलीची आई नाही म्हणते, असं कुठे झालंय? उषाबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मागोमाग श्रीकांतराव भीतभीत आत शिरले.

"कोणती देतेस?"

"आंगावरची! दुसरी कोणती?" उषाबाई तरातरा पिन काढत म्हणाल्या. "आज सकाळपासून जेवढी मी संतापली, तेवढी बाकी कोणत्याच साडीत संतापली नव्हती. तिच्या केळीले डुक्कर शिवलं तर नाव सांगणार नाही. बघत काय उभे राहिले? पिशवी आणा."