मापाची काडी

म्हसोबाचा कडा म्हणजे काय, घरचा जिना! दसऱ्याला सकाळी मधल्या भेगेतून वर चढतो, झेंडा लावतो आणि जेवायच्या वक्ताला घरी येतो, असं भरतनं ओतूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात जाहीर केलं तेव्हा ऐकणारे सात जण होते. संध्याकाळपर्यंत सातशे झाले. आपल्याकडं चांगली बातमी गावात पोचायला पंधरा दिवस लागतात. कुणी मान मोडून घेणार असला की ती जीपच्या आधी पोचते.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. भरतचं ओतूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि घर मढला. घरामागं तो कडा. बारा पुरुष उंच, सरळसोट, आणि बरोबर मधून पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक भेग, सुरीनं खरवस कापावा तशी. आता खरं सांगायचं तर हा गडी घराच्या पत्र्यावर चढायलाही भ्यायचा. टीव्हीवर मुंग्या आल्या की अँटेना फिरवायला त्याची बायको आरती वर जायची आणि हा अंगणात उभा राहून 'डावीकडं, आणखी डावीकडं' असा हुकूम सोडायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, काय बायकोला पुढं करतो!

मग हे खूळ डोक्यात शिरलं कसं? उन्हाळ्यात मुंबईचा एक दाढीवाला कडा बघायला आला. भरतनं त्याला तीन दिवस हिंडवलं. जाताना तो आपला दोर भरतकडं ठेवून गेला. दिवाळीत वीस माणसं घेऊन शिबिराला येतो, तोवर गावातला जो कुणी भेग चढेल त्याला शिबिराचा प्रमुख करतो, असं म्हणाला. प्रमुख! आपल्या माणसाला पगार नको, पाणी नको, नुसतं प्रमुख म्हणा, तो विहिरीत उडी घेतो. बुटांबद्दलही दाढीवाल्यानं नीट बसवून सांगितलं होतं.

"भरतराव, भेगेत सगळा खेळ बुटाच्या मापाचा. सैल घातलात की मेलात. असा घट्ट हवा की घालताना डोळ्यांत पाणी यावं."

त्याच्यापुढंही तो काहीतरी सांगत होता. पण भरतचं ऐकून झालं होतं. फुशारक्या मारणाऱ्या माणसाचे कान अर्ध्या वाक्यातच भरतात.

असले बूट ओतूरला नाहीत, नारायणगावला नाहीत. मुंबईतल्या एका दुकानाचा पत्ता दाढीवाल्यानं दिला होता. आरतीचा धाकटा भाऊ दादाभाऊ नारायणगावहून वाशीला टोमॅटोचा टेम्पो न्यायचा. त्यालाच काम सांगितलं. आता ज्याचा पाय तो बरोबर नसला की आपल्याकडं माप कसं पाठवतात? खराट्याची काडी घ्यायची, जमिनीवर पाय ठेवून टाच ते अंगठा मोजायची, कडकन मोडायची आणि द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय आणि कुणाचा पाय अडलेला नाही. आरतीनं दोन काड्या मोडल्या. एक नवऱ्याच्या बुटांची, दुसरी स्वतःच्या चपलांची. घोटाळा नको म्हणून स्वतःच्या काडीला लाल दोरा बांधला, भावाला तसं सांगून ठेवलं आणि काड्या टीव्हीवर ठेवून ती शेतावर गेली.

दुपारी भरतनं काड्या बघितल्या. लाल दोरा बायकोच्या काडीला! त्याला ते पटेना. खूण महत्त्वाच्या वस्तूला करतात. टोमॅटोच्या नादात मेव्हणा बूटच विसरला म्हणजे? त्यानं दोरा सोडला, आपल्या काडीला बांधला, वर एक गाठ जास्त मारली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असंच त्याला वाटलं नाही.

चार दिवसांनी बूट आले. भरतनं पायाला खोबरेल चोळलं, वर प्लास्टिकची पिशवी चढवली, टाचेत उलथनं घातलं आणि आईला पाठीमागून धरायला लावून पाय आत कोंबला. बोटांच्या मुठी वळल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गडी नाचायचाच बाकी, पण त्या पायांनी नाचता येईना. "माप बरोबर!" म्हणाला आणि खाली बसला.

आरतीच्या चपला मात्र होड्या निघाल्या. वर सोनेरी फूल, आणि टाचेमागं आणखी एक टाच मावेल एवढी जागा. ती अंगणातून चालली की फटाक फटाक आवाजानं कोंबड्या पळायच्या. दादाभाऊ खजील झाला. काडीला दोनदा लावून बघितलं व्हतं आक्का, म्हणत राहिला. तिथंच मिटलं असतं. पण पुढच्या आठवड्यात दादाभाऊच्या पोराचं जावळ होतं आणि भरत पंगतीत बसला होता. पन्नास पानं मांडलेली, दादाभाऊ स्वतः वरण वाढतोय, आणि भरतनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, सख्ख्या बहिणीचा पाय केवढा ते ज्याला कळत नाही तो रस्त्याची रुंदी कशी ओळखतो कोण जाणे. पंगत हसली. दादाभाऊ हसला नाही. बोलला पण नाही. बादली खाली ठेवली, हात पुसला आणि निघून गेला. शिव्या देणाऱ्या माणसाला भिऊ नये. न बोलणाऱ्याला भ्यावं. हे भरतला कळायला दसरा उजाडावा लागला.

कारण दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याची आई ठकूबाई मधे पडली. दोर कोण धरणार? मढला मध काढायला कड्यावरून उतरायचं तर वरचा दोर मेव्हण्याच्या हाती द्यायचा, ही तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनची रीत. सख्खा भाऊ वाटणीची आठवण येऊन हात सैल सोडील, पण मेव्हणा सोडणार नाही. त्याच्या बहिणीचं कुंकू त्या दोराच्या टोकाला लोंबतं. भरतनं दुसऱ्या कुणाची तरी नावं सुचवली. म्हातारीनं एकच सांगितलं, दादाभाऊ धरणार नसला तर पहिल्यांदा माझ्या अंगावरून जा. दादाभाऊला निरोप गेला. उत्तर आलं, येतो. एवढंच. त्या 'येतो'वर भरतला रात्रभर डोळा लागला नाही.

दसऱ्याला अर्धा तालुका कड्याखाली. ढोल, फुगेवाला, भेळवाला, आणि हातात हार धरून एक पुढारी. हार दोन्ही कामांना चालतो, त्यामुळं त्याला घाई नव्हती. दादाभाऊ मागच्या पायवाटेनं माथ्यावर गेला, करपाच्या झाडाला दोराचे दोन वेढे दिले आणि टोक खाली सोडलं. आरती भावाबरोबर वर निघाली, पण चपला पायात राहीनात म्हणून त्या पायथ्याशीच काढून अनवाणी गेली. भरतनं दोर कमरेला बांधला. वर बघितलं तर मधे खडकाचं पोट पुढं आलेलं. मेव्हणा दिसत नव्हता. नुसता दोर दिसत होता.

पहिले दोन पुरुष बरे गेले. आडवा पाय भेगेत घालायचा, पिळायचा, वर उठायचं. पाय पिळला की मस्तकात कळ जायची, पण बूट असा धरायचा की क्या बात है. तिसऱ्या पुरुषाला त्यानं भेगेत हात घातला आणि आत काहीतरी मऊ हललं. वटवाघूळ त्याच्या कानाला घासून गेलं. तिथं पहिल्यांदा त्यानं खाली बघितलं. फुगेवाल्याचे फुगे वाटाण्याएवढे दिसत होते. थांबलो तर पडू म्हणून त्यानं उजवा पाय जीव खाऊन भेगेत कोंबला, करकचून पिळला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं.

बूट बसला. असा बसला की निघेना.

ओढला, हलवला, म्हसोबाला नवस बोलला. निघेना. आणि तेव्हा, चार पुरुष उंचीवर, दाढीवाल्याचं उरलेलं अर्धं वाक्य त्याच्या कानात वाजलं. "पण भेगेसाठी बोटं आत सरळ झोपलेली पाहिजेत हं. मुडपलेली असली की पायाची पाचर होते." पाचर! कुदळीच्या दांड्यात भरतनं आयुष्यभर पाचरी ठोकल्या होत्या. एकदा बसलेली पाचर निघत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पाण्यात घातली की लाकडाची पाचर फुगते. पायाची नुसत्या उन्हानं फुगते. ऊन चढत होतं.

त्यानं मेव्हण्याला हाक मारली. उत्तर नाही. दोन झटके दिले. आतापर्यंत झटका दिला की वरून दोर ताणला जायचा. या वेळी दोर तसाच राहिला, मेलेल्या सापासारखा. त्यानं तिसरी हाक मारली, चौथी मारली. वर नुसती घार फिरत होती आणि तिला घाई असल्यासारखी दिसत होती.

गेला! जावळाच्या पंगतीतून गेला तसाच गेला. बादली ठेवली तसा दोर ठेवला असणार आणि हात पुसला असणार. भरतनं डोळे मिटले. आपण आता मरणार हे त्याला लाईट जाणार हे कळतं तसं स्वच्छ कळलं.

मरणाच्या दारात माणूस खरं बोलतो म्हणतात. भरत ओरडून बोलला. दादाभाऊ, मी पंगतीत बोललो ते चुकलं, माझ्या जिभेला हाड नाही. मला उंचीचं भ्या वाटतं. पत्र्यावर मी एकदाबी चढलो नाही, अँटेना आरती फिरवते. खाली ढोल बंद पडला. कडा असा की वर सांगितलेलं सगळं खाली शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. आणि गेणभाऊच्या मोटारीत मी नवी तार सांगून जुनीच भरली, व्होल्टेजनं जळली ते खोटं हाय.

गेणभाऊ खालीच उभा होता, भेळ खात. "ऐकतोय रं भरत," तो सावकाश म्हणाला, "घाई न्हाई. आठवंल तसं सांग."

तेवढ्यात भरतच्या अगदी कानाशी कुणीतरी खाकरलं. त्याचा प्राणच जायचा. डोळे उघडले तर हातभर अंतरावर दादाभाऊ. डावीकडून शेरडांची एक अरुंद वाट कड्याच्या अंगानं तिथपर्यंत येत होती. डोळे मिटले नसते तर भरतलाही दिसली असती. खालून ठकूबाई पदर हलवून हलवून दमली, ते बघून दादाभाऊ तसाच वळसा घालून आला होता. एका हातानं त्यानं करवंदीची जाळी धरली होती, दुसऱ्या हातात क्रेटची सुतळी कापायची सुरी.

सुरी बघून भरतनं पुन्हा डोळे मिटले.

"दाजी, डोळं उघडा. नाडी कापायचीय."

"दादाभाऊ," भरतनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "तू हितं, मग दोर कुणी धरलाय?"

"आक्कानं."

भरतला बरं वाटावं की वाईट, हे ठरेना. दादाभाऊनं नाडी कापली, बूट दोन्ही बाजूंनी उघडा केला आणि आत बोट घालून चाचपलं.

"ह्यात पाय घातला कसा तुमी? ह्यो तर दोन नंबरानं ल्हान हाय. मी बिनदोऱ्याच्या काडीला लावून आणला व्हता."

"बिनदोऱ्याची आरतीची ना?" भरत सहज बोलून गेला. "दोरा तर मी माझ्या काडीला..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. दादाभाऊ त्याच्याकडं बघत राहिला. पंगतीतले पन्नास जण, वरणाची बादली आणि होड्यांएवढ्या चपला, सगळं त्याच्या तोंडावरून एकामागून एक गेलं. मग त्यानं मान वर केली आणि शांतपणे, पण खणखणीत आवाजात सांगितलं.

"आक्का, लाल दोरा दाजींनी बदलला व्हता गं."

घार पण थांबल्यासारखी वाटली. आणि मग भरतच्या कमरेचा दोर हातभर सरकन खाली आला.

भरत सुटला! हातभरच सुटला, पण त्या हातभरात त्याला सगळं आयुष्य दिसलं आणि त्यात दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. त्या झटक्यानं पाय बुटातून सटकन निघाला, दादाभाऊनं कॉलर धरली, दोर पुन्हा ताठ झाला, आणि भरत शेरडांच्या वाटेवर पालीसारखा चिकटला. वरून आरतीचा आवाज आला, दसऱ्याच्या दिवशीचा पहिला.

"हात घामाजला व्हता."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आरतीचा हात आजवर कधी घामाजला नव्हता, पुढंही कधी घामाजला नाही.

मेव्हण्याच्या खांद्याला धरून भरत खाली आला. बूट भेगेतच राहिला, आजही आहे. दिवाळीला दाढीवाला आला, त्यानं तो खालून बघितला आणि एवढ्या उंचीवर कोण पोचलं होतं म्हणून मोठ्या आदरानं विचारलं. गेणभाऊनं त्याला बसवून, भेळ मागवून, पहिल्यापासून सांगितलं. शिबिराची प्रमुख आरती झाली. दोर धरायला विश्वासाचं माणूस पाहिजे, असं दाढीवाल्याचं मत पडलं.

पण ते नंतरचं. दसऱ्याला पुढाऱ्यानं आणलेला हार वाया जायला नको म्हणून म्हसोबाला घातला आणि माणसं पांगायला लागली. भरतचा उजवा पाय सुजून वरवंट्याएवढा झाला होता. डाव्या पायातला बूट तिघांनी ओढून काढला. घर अर्धा मैल, वाटेत गवताचे काटे आणि दुतर्फा सगळा तालुका. ठकूबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि पायथ्याशी पडलेल्या चपला आणून त्याच्यापुढं ठेवल्या. सोनेरी फुलांच्या.

भरतनं पाय घातले. खाली मान घालून चालायला लागला. वाटेत एकही कोंबडी पळाली नाही, की फटाक असा एकदाही आवाज झाला नाही. होणार कसा? चपला मापातच होत्या. काडी त्याचीच होती ना!