ताजं काँक्रीट

"मागणी वाढलीय, साहेब," असं म्हणत विश्लेषकानं भिंतीवर आलेख चिकटवला. आलेखातली रेघ इतकी वर चढली होती, की वरचा कागद पात्यात अडकू नये म्हणून पंखा बंद करावा लागला.

तयार काँक्रीट पुरवणाऱ्या त्या कारखान्यात विश्लेषक नवाच होता. नोकरी कायम होणार की नाही, ते या आलेखावर ठरायचं होतं. "चौकशीचे फोन बघा ना. सगळे वेगवेगळे नंबर. अख्खं गाव बांधायला निघालंय."

मालक खुर्चीतून उठलेच. त्यांची आधी बेकरी होती. काँक्रीटमध्ये ते अलीकडेच आले होते, पण धंदा इथून तिथून सारखाच, असं त्यांचं ठाम मत होतं. "मग ऑर्डरची वाट कशाला बघायची? उद्या सकाळी गाडी भरून तयार पाहिजे. गरमागरम!"

"साहेब, आपण ऑर्डर आली की मगच बनवतो," ड्रायव्हर म्हणाला. "हे फिरवत ठेवलं तरी काही तासांत दगड होतं."

"पाव ऑर्डर आल्यावर भाजत बसलो असतो, तर आज मी इथे असतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरली. पाठीवरचा ड्रम गरगर फिरू लागला आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता.

"दुपारपर्यंत माल गेला पाहिजे," मालक विश्लेषकाला म्हणाले. "नाहीतर संध्याकाळी तू पण गेलेला असशील."

"आणि जाताना छिन्नी-हातोडा घेऊन ड्रममध्ये उतर," ड्रायव्हरनं भर घातली.

विश्लेषकानं घाम पुसला आणि चौकशीच्या यादीतला पहिला नंबर फिरवला.

"काँक्रीट हवं होतं ना आपल्याला?"

"मला नाही हो, शेजारच्या काकूंना. थांबा, बोलावतो."

दुसरा नंबर लावला. "काँक्रीट?" "काकूंना हवंय. त्यांनी माझ्या फोनवरून केला होता." तिसऱ्या नंबरावर स्वतः काकूच आल्या.

"इतके फोन तुम्ही एकट्यांनी केलेत?" विश्लेषकाचा आवाज बारीक झाला.

"मग काय करू? तुमची ती फोनवरची मुलगी माझा नंबर दिसला की उचलतच नाही. म्हणते, कमीत कमी अर्धी गाडी घ्या. मला एक घमेलं हवंय रे! कपडे वाळत घालायचा खांब कलंडलाय. हे धरून उभे आहेत."

म्हणजे बाजारातली सगळी तेजी एका खांबाची होती. विश्लेषकानं आलेखाकडे पाहिलं. रेघ निर्लज्जपणे वरच होती.

"चल, बस गाडीत," ड्रायव्हर म्हणाला. "एक घमेलं तर एक घमेलं. तेवढंच ड्रममध्ये कमी फोडावं लागेल."

काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. अंगणात काका खांबाला मिठी मारून उभे होते. घमेलं घेऊन बाहेर आलेल्या काकूंनी ड्रम पाहिला आणि घमेलं खाली ठेवलं.

"अगं बाई! एवढं सगळं? मग आधी त्यांना द्या, ज्यांचे फोन मी वापरले. उपकार झालेत त्यांचे." आणि गल्लीकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, या सगळे! भांडी घेऊन या!"

बादल्या आल्या, टोपली आली, बाळाचा अंघोळीचा टब आला. कुणाची पायरी निखळली होती, कुणाचं फाटक डुगडुगत होतं, एकाला कुत्र्यासाठी ओटा हवा होता. मालकांनी फोनवरूनच बादलीचा भाव सांगितला. बेकरीतल्या सवयीनं वर एक वाटी फुकट द्यायलाही सांगितलं.

"ए, रांग मोडायची नाही! वाटीवाले मागे!" काकू फळीनं रस्ता अडवून उभ्या होत्या.

तरी ड्रम संपेना. तेव्हा गल्लीनंच वर्गणी काढली आणि पावसात जिथे चप्पल रुतून राहायची तो सगळा पट्टा भरून घेतला. काकूंनी त्याच फळीनं तो स्वतः सारखा केला. शेवटचा गोळा घरंगळला, ड्रायव्हरनं ड्रम धुतला आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. त्याचे दोन्ही हात अडकलेले होते.

"अहो," काका म्हणाले, "आपलं घमेलं?"

सगळ्यांनी घमेल्याकडे पाहिलं. ते कोरडं ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विश्लेषकाची नोकरी कायम केली. कारखान्याच्या फाटकाशी 'किरकोळ काँक्रीट मिळेल' अशी पाटी लागली. आलेख मात्र विश्लेषकानं स्वतःहून उतरवला आणि नव्या कागदावर खाली, अगदी कोपऱ्यात, एक खरा ठिपका काढला. तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा होता. त्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

"काकू, निघतोच आहोत. काका कसे आहेत?"

"झोपलेत. रात्रभर गल्लीनं पाळ्या लावून खांब धरला. आता तो कुत्र्याच्या ओट्यावाला धरून उभा आहे."

"आलोच. फक्त एक करा काकू. आज कुणालाही बोलवू नका."



"अरे," काकू म्हणाल्या, "मागची गल्ली सकाळपासून बादल्या घेऊन उभी आहे."