धकाते भाऊजींची ऐकायची खाट

धकाते भाऊजींच्या घरी गेलं की ते पाण्याच्या आधी कापूस विचारतात.

"घ्या वहिनी. दोन्ही कानांत कोंबा आन् खाटेवर आडव्या व्हा."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात संक्रांतीच्या तिळगुळाची डबी होती. ती डबी मी त्यांच्या उंबरठ्यावर ठेवली आणि सरळ घरी आले. आमच्या ह्यांना म्हटलं, "शेजारच्या माणसाचं काही खरं नाही." हे पेपर वाचत होते. म्हणाले, "मी कालच झोपून आलो. चांगलं वाटते." आता बोला! ज्या माणसाला मी दहादा हाक मारली तरी ऐकू जात नाही, तो शेजाऱ्याकडे जाऊन कानात कापूस घालून ऐकतो.

प्रताप नगरात आमची आणि भाऊजींची भिंत एकच. भाऊजी हिंगण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर माणूस देवळात जातो, नातेवाइकांत भांडणं लावतो, काहीतरी रीतसर करतो. भाऊजींनी दिवाणखान्यातला सोफा विकला आणि तिथे चार खांबांची सागवानी खाट आणून ठेवली. खाटेच्या पट्ट्यांखाली शेकडो इवल्याशा मोटरी. मोबाइल वाजताना थरथरतो ना, त्या थरथरीची मोटर. सीताबर्डीला फूटपाथवर जुने मोबाइल विकणारे बसतात, त्यांच्याकडून भाऊजी मेलेले मोबाइल पिशव्या भरभरून आणायचे आणि आतली मोटर तेवढी काढून घ्यायचे. तिकडे त्यांना सगळे थरथरवाले काका म्हणतात. भाऊजींना त्याचा अभिमान आहे.

शेवटी मीही एकदा आडवी झालेच. किती दिवस नाही म्हणणार? कानात कापूस, डोळे मिटलेले. भाऊजींनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि माझ्या पाठीच्या कण्यातून एक बारीक सळसळ वर चढत गेली आणि मानेशी येऊन फुटली.

"कुठं लागला?" भाऊजींनी खुणेनं विचारलं. मी मान दाखवली.

त्यांनी माझ्या एका कानातला कापूस काढला. "कुकर आहे जी. तुमच्याच घरचा, भिंतीतून भरून घेतला. शिट्टी मानेत येते, मिक्सर पोटरीत येते. आता हे पहा."

मग कमरेत जोरजोरात धपाधप सुरू झालं. थांबायचं नाव नाही. दम घ्यायला म्हणून क्षणभर थांबे आणि पुन्हा दुप्पट जोरानं. मी ताडकन उठून बसले. "हे काय आहे?"

"हे तुम्ही," भाऊजी म्हणाले. "सकाळी साहेबाले रागावून राहिल्या होत्या ना, थे."

मी जी घरी आले ती दोन दिवस ह्यांच्याशी हळू आवाजात बोलले. नंतर विसरले.

"कानाच्या भरवशावर राहू नका" हे भाऊजींचं ठरलेलं वाक्य. लाइट बिल जास्त आलं, तरी तेच. नगरसेवक रस्ता करून देतो म्हणाला, तरी तेच. डॉक्टरांनी भाऊजींना बीपी आहे सांगितलं, तर डॉक्टरांनाही तेच ऐकवून आले. आवाज हा कानाचा मामलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. कान आपला फुकटचा मधे येतो.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण मग त्यांनी पायपट्ट्या बसवल्या. रबराच्या दोन पट्ट्या, जमिनीवर ठेवायच्या, त्यांच्या वायरी खाटेला. पट्टीवर पाय आपटला की तोच ठोका खाटेत उमटायचा. रोज दुपारी भाऊजी स्टुलावर बसून पाय आपटायचे. खाट हलायची, भिंत हलायची, आणि भिंतीच्या अलीकडे माझ्या फळीवरचे डबे एकेक पाऊल पुढे सरकायचे. एका दुपारी लिंबाच्या लोणच्याची बरणी खाली आली. वर्षाचं लोणचं हो! मी तशीच पदर खोचून त्यांच्या दारात.

"भाऊजी, हे आजच्या आज बंद झालं पाहिजे! खाट असू द्या, कापूस असू द्या, पण माझं स्वयंपाकघर मोडायचा तुम्हाला अधिकार नाही!"

भाऊजी स्टुलावरून उठले नाहीत. पाय पट्टीवरच. म्हणाले, "बंद नाही होणार, वहिनी. लोणचं मी भरून देतो. पण हे बंद नाही होणार."

"काहून पण?" रागात मी त्यांच्याच भाषेत आले.

तेव्हा त्यांनी मला कुसुमबद्दल सांगितलं.

कुसुम त्यांची धाकटी बहीण, उमरेडला असते. लहानपणी ताप आला आणि ऐकणं गेलं. बोलणंही गेलं. घर कोष्ट्यांचं, वडिलांचा खड्डामाग घरातच. विणणारा कडेला बसणार, पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर. कुसुम दिवसभर त्या मागाच्या खांबाला तळवा लावून खड्ड्याच्या काठाशी बसायची. धोटा गेला, फणी ठोकली, सगळं तिला तळव्यात कळायचं. वडील जेवायला उठले की भाऊजी बसायचे विणायला, आणि साडीचा पदर आला की हमखास अडखळायचे. वडिलांच्या लक्षात यायच्या आधी कुसुमला कळायचं. ती हातातली सुताची कांडी घेऊन भाऊजींच्या नडगीवर हाणायची.

"लय लागे जी," भाऊजी नडगी चोळत म्हणाले.

मग भाऊजींना हिंगण्याची नोकरी लागली. वडील गेले, विणणारं कोणी राहिलं नाही, घरात जागा नाही. भाऊजींनी माग मोडायला काढला. सुतार आला. कुसुमनं खांबाला मिठी मारली, सोडेना. तिचे हात भाऊजींनी स्वतः सोडवले.

"घरात दुसरा कोणता आवाज तिचा होता का? थो एकच होता. थो मी मोडला." भाऊजी माझ्याकडे न बघता बोलत होते. "तवापासून माह्याशी खुणेनंही बोलत नाही. राखी टपालानं पाठवते. माह्या घरी कधी आली नाही. एकडाव तिले थो माग परत ऐकवतो. मंग जे व्हायचं थे होऊ द्या."

लोणच्याचं काय बोलणार मी? डबे खालच्या कपाटात हलवले.

त्यानंतर जे चाललं त्याला मी वेडेपणा म्हणत होते, आता जिद्द म्हणते. मोटरी जळाल्या, नव्या बसवल्या. खाटेच्या पट्ट्या तुटल्या, नव्या विणल्या. दोनदा शॉक बसला. पानठेल्यावर उभं राहून इंग्रजीत फ्रिक्वेन्सी म्हणायला लागले. उमरेडला जाऊन तिथल्या सगळ्यात चांगल्या विणकराच्या मागाला तारा चिकटवून आले, त्याचं दिवसभराचं विणणं कॉम्प्युटरमध्ये भरून आणलं. मग महिनाभर ते निवडत बसले. कुठे ठोका पुढेमागे झाला की सरळ करायचा, कुठे अडखळला की तेवढा भाग काढून टाकायचा. मेंटेनन्सचा माणूस! यंत्रात खडखड ऐकू आली की आयुष्यभर ती काढतच आला. शेवटी मला झोपवून ऐकवलं. घड्याळासारखं चालत होतं. मी म्हटलं, "वा!"

आता प्रश्न एवढाच, की कुसुम भाऊजींच्या घरी येणार नाही, आणि खाट उमरेडला नेली तर ती दार लावून घेणार. तेवढ्यात आमच्या ह्यांनी पेपरात वाचलं. कलेचं एक प्रदर्शन भरणार होतं, विषय इंद्रियं, वस्तूंना हात लावून बघायची मुभा. भाऊजी धावतच तिकडे गेले. सोबत मी, कारण एकट्यानं सोडायची सोय नाही.

तिथल्या मॅडम तरुण होत्या, बारीक चष्मा, पुण्याकडचं बोलणं. कापूस न घालता झोपल्या म्हणून भाऊजी त्यांना रागावले. उठल्यावर मॅडमनी विचारलं, "सुंदर आहे काका. पण यामागची कॉन्सेप्ट काय?"

"कॉन्सेप्ट?" भाऊजी गोंधळले. "बहीण आहे."

मॅडमना ते फार आवडलं. त्यांनी लिहूनही घेतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी कुसुमला तिच्या मुलानं आणलं. काहीतरी नवं बघायला जायचं आहे, एवढंच तिला सांग, असं भाऊजींनी त्याला बजावलं होतं. ठेंगणी, पांढरे केस, डोळे भारी तेज. सगळं बघत बघत खाटेपाशी आली, भाऊजींना पाहिलं आणि वळलीच. मी मधे गेले. तिला काय सांगणार, कसं सांगणार? हात धरला आणि खाटेच्या खांबावर ठेवला. भाऊजींनी बटण दाबलं.

तिचा तळवा दचकला. मग चिकटला. डोळे मिटले. भाऊजींचे ओठ हलत होते, देव आठवत असावेत. मीही आठवला.

थोड्या वेळानं कुसुमनं डोळे उघडले. हात काढून घेतला. एक बोट हवेत गोल गोल फिरवलं.

"मशीन," तिचा मुलगा म्हणाला. "मशीन आहे म्हणते."

भाऊजींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "मीनंच सपाट केला. माणूस काढून टाकला त्याच्यातला."

मागे रांग लागली होती. मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, आता पुढच्यांना..."

"दोन मिनिटं थांबा!" मी मॅडमवर ओरडले. शाळेत शिकवायचे तेव्हाचा आवाज लागला. रांग मागे सरकली.

भाऊजींनी कॉम्प्युटर बंद केला. पिशवीतून पायपट्ट्या काढल्या, वायरी जोडल्या, चपला काढून खाटेजवळ स्टुलावर बसले. मी कुसुमकडे बघून हात जोडले. मी जन्मात कुणापुढे असे हात जोडले नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत खांबाला तळवा लावला.

डावा पाय, उजवा पाय, मधे हातानं खाटेच्या कडेच्या फळीवर ठोका. धोटा नाही, सूत नाही, पण म्हातारा गडी हवेत विणायला लागला. कधी हळू, कधी घाईत. कुसुमचे डोळे मिटले. मान बारीक हलायला लागली. साडीचं अंग भरत आलं, आता पदर येणार.

भाऊजी अडखळले.

फाडकन आवाज झाला. कुसुमनं डोळे न उघडता भाऊजींच्या नडगीवर हाणली होती. कांडी नव्हती म्हणून हातानंच. एक तळवा खांबावर तसाच.

मॅडम घाबरून पुढे आल्या. मी त्यांचा दंड धरला. "मारू द्या, बाई."

"मारलं!" भाऊजी रडत होते आणि हसत होते. "वहिनी, तिनं मारलं मले!"

कुसुमनं त्यांच्या गुडघ्यावर दोनदा चापट मारली. चल, विण पुढे.

ते पुन्हा विणायला लागले. या वेळी पाय मोकळे पडत होते, ठोका सुरेख बसत होता. इतके दिवस भिंतीपलीकडून ऐकल्यावर मला आता त्यातलं बरंच कळतं. पदर आला. तो त्यांना सहज जमला असता.

भाऊजींनी नडगी जराशी तिच्याकडे सरकवली आणि मुद्दाम चुकले.